पानं तोडून आणलेलं झाड

नाही, नाही, थांब. तिथंच बस. खांद्यावरचं खाली ठेव, पण दगडापासून लांब. त्या कुटायच्या दगडाला अजून काही शिवायचं नाही. आणि सालीना, तू बादली कशाला आणलीस? कुणी सांगितलं दगड धुवायला? आधी बघू तर दे मला, काय आणलंय ह्यानं ते — पेल्सिन, तुला वाटलं असेल म्हातारा रडून रडून आंधळा झाला, दारात कुठलंही लाकूड टेकवलं तरी चालून जाईल. एर्तिन माझा आणि ह्या सालीनाचा मुलगा होता रे. एकुलता एक. तू त्याला घेऊन खडकांच्या पलीकडे मासे मारायला गेलास आणि एकटा परत आलास. महिना उलटला, तेव्हा कुठं तुला माझं घर सापडलं? — बोलू नकोस. मान खाली घालून आलायस ना, मग खालीच ठेव.

रीत मला शिकवू नकोस. ह्या पोहनपे बेटावर जन्म गेला माझा. अपराधी माणूस सकाऊचं झाड घेऊन दारात आला की नाही म्हणायची सोय नाही. मूळ कुटायचं, पिळायचं, करवंटी तोंडाला लावायची, एक घोट घशाखाली गेला की मिटलं. खून असो, काही असो. मग त्या माणसाला वाटेत अडवायचं नाही, शिवी द्यायची नाही, पोलिसात जायचं नाही. बाहेरचे लोक ह्याला कावा म्हणतात आणि पैसे देऊन पितात, मजेखातर. त्यांचं बरं आहे. पण दारात आलेलं सकाऊच नसेल तर? तशीच दिसणारी रानमिरी असेल तर? — मग मी बांधलेला नाही. मग तू आलास तसं परत जायचं, पाठीवर ते लाकूड घेऊन, सगळ्या गावासमोरून. — हो, मला तेच हवंय. कशाला खोटं बोलू?

आता सांग, पानं कुठायत? झाड पानांसकट आणायचं असतं. पान असतं तर एका नजरेत सांगितलं असतं. सकाऊचं पान कसं, रुंद, आणि शिरा सगळ्या देठापाशी एकत्र येतात, हाताची बोटं पसरावी तशा. रानमिरीचं लांबट, एका बाजूला कललेलं. आणि तिला तुरे लोंबतात, बी धरतं, पाखरं बी खातात आणि ओढ्याकाठी वाट्टेल तिथं टाकतात. सकाऊला बी नाही. कुणीतरी कांडी लावल्याशिवाय तो उगवतच नाही. म्हणून तर तो द्यायच्या लायकीचा, घाम असतो त्यात माणसाचा. आणि तू काय आणलंस? नुसती काटकं आणि गड्डा. पेरं सुजलेली आहेत, मान्य, पण पेरं रानमिरीलाही असतात. — काय? वाटेत ऊन होतं, पानं कोमेजून गळली? डोंगरावरून आलास म्हणून? मुद्दाम तोडलीस तू. पान तोडतो तो लपवायलाच तोडतो. देठापाशी नखानं तोडायचं आणि वर चिखल फासायचा, म्हणजे ताजी जखम दिसत नाही. सगळं माहीत आहे मला.

— कसं माहीत म्हणजे? ऐकलंय. लोक सांगतात. — सालीना, तू अशी बघू नकोस माझ्याकडे.

बरं, ऐकायचंय ना? ऐका. बावीस वर्षांचा होतो. दारूच्या भांडणात माझ्या कोयत्यानं लुदविकच्या भावाचा हात गेला, मनगटापासून. वडील म्हणाले, लुदविकच्या दारात सकाऊ घेऊन जा. माझ्याकडे होतं झाड, दहा वर्षांचं, दोन माणसांनी उचलावं एवढं. पण ते मी प्रमुखांच्या मेजवानीला राखलं होतं. त्याच्यावर मला किताब मिळणार होता, लोकांनी नावानं हाक मारायची सोडून किताबानं मारली असती. ते कापवेना. मग ओढ्यावर गेलो, रानमिरी उपटली, पानं तोडली, चिखल फासला. लुदविकनं स्वतः कुटली, स्वतः पिळली. पहिला घोट घेतला आणि थांबला. सकाऊनं तोंड बधिर होतं, रानमिरी जाळते, तोंड पोळतं, डोळ्यांत पाणी येतं. आलं त्याच्या. माझ्याकडे बघितलं, त्या थोट्या भावाकडे बघितलं, आणि करवंटी रिकामी करून म्हणाला, चांगला आहे, कडक आहे. — बंधन नव्हतं त्याच्यावर. हाकलून देता आलं असतं. मला किताब मिळाला पेल्सिन, आणि त्या किताबानं कुणी हाक मारली की अजून ओ देववत नाही. आज पहिल्यांदा बोललो. तुझ्यासमोर बोललो, बघ माझं नशीब.

पण मी लुदविक नाही. मी पिणार नाही पोळतं. कोयता दे इकडे. — हं. गड्डा चांगला भरलाय, आतून पिवळा. रंगावर जाऊ नये. मुळाचा तुकडा चावला की कळतं, दाताखाली कळतं, तिथं लबाडी चालत नाही. — माती आहे थोडी. असू दे. — तंतुमय आहे, चावायला वेळ लागेल. तोवर तू सांग मला, बर्फाची पेटी होडीत एकच होती ना? होडी उलटली, लाट मोठी होती, सगळं ऐकलंय मी सगळ्यांकडून. तरंगणारं एकच होतं, आणि ते तुझ्या हातात होतं. मग तो कुठं होता? — काय? — जोरात बोल. — त्यानं तुझ्याकडे ढकलली? तुला पोहता येत नाही म्हणून? खोटं. — खोटं बोलतोयस. माझा एर्तिन — हो, तो असंच करेल. लहानपणी पायातल्या चपला दुसऱ्याला देऊन अनवाणी घरी यायचा, मी मारायचो त्याला. पेटी धर म्हणाला? आणि? — आणि मग पुन्हा दिसलाच नाही. — रडू नकोस. मी अजून नाही रडलो, तू कशाला रडतोस...

सालीना, पाणी दे. नाही, पोळत नाहीये. गार पडतंय. ओठ... ओठ माझे नाहीत असं वाटतंय. जिभेचं टोक पण. — सकाऊच आहे हा. चांगला जुना आहे, निदान सात वर्षांचा. — तुझ्या आईनं लावला? तिनं एकटीनं जपला?

तुकडा कुठं गेला? थुंकायचा होता मला. चाखून थुंकायचा होता. — बोलता बोलता गिळला की काय? तू बघितलंस सालीना? मग अडवलं का नाहीस? मुकाट्यानं बघत राहिलीस, बादली धरून! — दगडावर कुटला नाही, करवंटीतून प्यालो नाही, म्हणून मोजायचा नाही असं म्हणता येईल. म्हणेलही कुणी. पण घशाखाली गेलाय. मला माहीत आहे, तुला माहीत आहे.

झालं. मी केलं नाही, झालं. ऊठ आता. पाया पडू नकोस, हात लावू नकोस मला. आईला सांग, कसियानोनं घेतला. आणि काही दिवस ह्या बाजूला फिरकू नकोस, वरच्या वाटेनं जा. माफी दिली म्हणून तोंड बघवेल असं नाही. — जा म्हटलं ना. जीभ जड झालीय माझी, आता मला बोलवत नाही.