जिथल्या तिथे

लेक : ...आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटरच्या आत लिनक्स तेच, बाबा! वरची मांडणी तेवढी बदलते. तिला डेस्कटॉप म्हणतात. मी तीन टाकलेत, आवडेल तो ठेवायचा. हा बघा पहिला, ग्नोम.

बाबा : वा, वा! काय स्वच्छ आहे गं! पण यात आहे काय?

लेक : वर काहीच नाही. तीच तर त्याची शान. हवं ते बोलवायचं, काम झालं की ते नजरेआड.

बाबा : म्हणजे सगळं सामान माळ्यावर आणि मी खाली मान वर करून. पुढचा दाखव, पुढचा!

आई : अहो, चार वाजून गेले. पाचपर्यंत संपादकबाईंना पहिलं पान पोचलं नाही, तर मासिकाचं काम दुसरीकडे जाईल. त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

बाबा : ठाऊक आहे गं. छापखाना बंद पडून तीन वर्षं झाली, हात नुसते मांडीवर ठेवून बसलोय. पान मीच लावणार. मजकूर सकाळीच बडवून ठेवलाय, दोन बोटांनी का होईना. पण हत्यार आधी हातात बसू दे.

लेक : हा दुसरा. केडीई प्लाझ्मा.

बाबा : अरे बापरे, केवढा थाट! ही पट्टी हलते? बाजूला नेता येते? रंगही? थांब, थांब, मला करू दे!

आई : झालं. आता पान राहिलं बाजूला, हे खोली रंगवायला बसले.

लेक : बाबा, वीस मिनिटं गेली हो! त्यात बदलता येत नाही असं काही नाहीच, जन्म पुरायचा नाही.

बाबा : दुसऱ्या जन्मी हाच घेईन. तिसरा आण.

लेक : एक्सएफसीई. हा साधा आहे, आधीच सांगते. नटवा नाही.

बाबा : चिन्हं मी ठेवीन तिथे राहतात?

लेक : तिथेच.

बाबा : मग ऐक. छापखान्यात शिशाच्या खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. काना सारखा लागतो, म्हणून तो अगदी हाताशी. ‘ङ’ वर्षातून दोनदा, तो पार वरच्या कोपऱ्यात. जुळवताना पेटीकडे बघायचं नाही, हात आपोआप जातो. तसं मांडू. पानाचा प्रोग्राम हाताशी ठेव. मजकूर त्याच्या शेजारी. तो पत्त्यांचा खेळ टाक ‘ङ’च्या जागी.

लेक : टाकला! आणि अक्षरं मोठी दिसायला हवीत ना? सेटिंगमध्ये जा... हं, तिथे. नाही, नाही, ते नको!

बाबा : दाबलं.

लेक : अहो, पडदा उलटा झाला! खाली डोकं वर पाय! थांबा, तो आता विचारेल, असंच ठेवायचं का. काही दाबू नका, दहा सेकंदांत आपोआप...

बाबा : ‘ठेवा’ म्हटलं मी. इतकं नीट विचारत होतं.

आई : देवा! पाचला वीस मिनिटं कमी.

लेक : सरका बाबा, मी करते. अगं आई गं, बाण भलतीकडेच पळतोय! उजवीकडे नेला की डावीकडे. मला तर एक अक्षर वाचता येईना.

बाबा : तिसऱ्या ओळीत ‘आणि’ दोनदा पडलंय.

लेक : काय?

बाबा : मजकूर उघडाच आहे ना मागे. तिसरी ओळ. सकाळी सुलट होता तेव्हा दिसलं नाही बघ मला.

आई : अगं, चाळीस वर्षं यांनी उलटंच वाचलंय. खिळे असतातच उलटे. घरी वर्तमानपत्रसुद्धा माझ्या समोर बसून, माझ्याच पुढ्यात पसरलेलं वाचतात.

बाबा : आणि खिळे आरशातल्यासारखे असतात, हे तर नुसतं उलटं. पोरखेळ! सर बाजूला. बाण असा... असा... ही सेटिंग, हे ‘सरळ’, आणि आता ‘ठेवा’.

लेक : बाबा! एका दमात!

बाबा : अगं, उलटं केलं तरी प्रत्येक वस्तू होती तिथेच होती. हात बरोबर गेला. हाच ठेव. बाकीचे दोन काढ.

लेक : राहू दे की, जागा खात नाहीत फार.

बाबा : नको. एका माणसाला एक पेटी पुरते. चल, पान लावतो.

(पाचला दोन मिनिटं असताना पान गेलं. आता सव्वापाच झालेत, आणि तिघंही फोनकडे बघत बसलेत.)

लेक : आला निरोप! वाचू? “पान मिळालं. इतकं देखणं पान पुष्कळ दिवसांनी पाहिलं. उरलेली एकतीस पानं तुम्हीच लावा.” बाबा! एकतीस!

आई : ऐकलंत ना? अहो, उठून कुठे निघालात?

बाबा : हात धुऊन येतो.

लेक : हाताला काय लागलंय? शाई नाही, शिसं नाही.

बाबा : काम झालं की धुतोच मी. अगं, तो साबण कुठेय?

आई : होता तिथेच आहे.