चारची गोळी

सें पिएर गावच्या बसथांब्यावर दोन अनोळखी मुली बोलत होत्या. गेलेल्या नवऱ्याचं नाव कानी पडलं, तशी अनुसया जागीच थबकली.

"बलरामभाऊंनी मरणाआधी ऑफिसात एक कॉम्प्युटर बसवलेला. त्या मशीनवरचं सगळं आम्ही जसंच्या तसं आणखी सात मशीनवर उतरवलं."

"मग?"

"त्यात त्यांनी स्वतःसाठी आठवण घातलेली. चार वाजले की आठही पडद्यांवर 'बलराम, गोळी घे!'"

"आयो! पुसून टाकायची ना!"

"पुसली गं, मूळ मशीनवरूनही. सगळं नव्यानं उतरवलं. तरी रोज चारला हजर."

"आजही?"

"नाही. आज आठही पडद्यांवर एकच शब्द आला, 'घेतली.'"

अनुसयेच्या मुठीत नवऱ्याच्या गोळ्यांची रिकामी डबी होती. शेवटची गोळी तिनं दुपारी श्राद्धाच्या पानात, भातावर ठेवली होती.