मी हात काढला होता!

ऊन होतं हो, ऊन! त्या दिवशी सकाळपासून इतकं कडकडीत ऊन आणि इतका कोरडा वारा, की दोरीवरची चादर कागदासारखी वाजत होती... आणि तो दुरुस्तीवाला खिडकीपाशी उभा, डोळ्यांवर तिरीप येतेय म्हणून कपाळावर हात आडवा धरलेला, आणि मला सांगतो, 'हवा दमट आहे ना आजोबा, अशानं बिघडतात मशीनं.' दमट? मी शिकलेला नाही, कबूल. पण ऊन कळायला शाळेत जावं लागतं का?

तुम्हाला सांगतो, मी हात काढला होता. एवढं आधी ऐकून ठेवा, बाकीचं नाही ऐकलंत तरी चालेल.

तर सुनेकडे हे मशीन आहे, गोधड्या शिवायचं. गोधडी म्हणायचं नाही हां, क्विल्ट म्हणायचं! वर कापड, खाली कापड, मध्ये कापूस... जन्मभर हेच पांघरलं आणि गोधडीच म्हणालो, पण तिच्यावर बदकं आली की तिचं क्विल्ट होतं म्हणे. असो. मशीन साधंसुधं नव्हे. खाटेहून लांब चौकट, तिच्यावर कापड ताणलेलं, आणि वरून रुळांवर मशीन फिरतं. म्हणजे शिंप्याकडे कापड सरकतं, इथं कापड निवांत पडून असतं आणि मशीनच त्याच्यावरून हिंडतं! दोन मुठी धरायच्या, आखलेल्या रेघेवरून ढकलायचं. जोरात ढकललं तर सुई जोरात, हळू ढकललं तर हळू, आणि मशीन थांबलं की सुईही थांबते. सुनेचा खांदा दुखतो, म्हणून सरळ रेघा माझ्याकडे. 'बाबा, तुमच्यासारखी रेघ कुणाला जमत नाही.' जमणारच! चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय, विटेवर वीट ठेवत. उन्हाची खोली, खिडकीपाशी माझी खुर्ची, सकाळचं चार तास काम, आणि दिवसातून दोनदा तरी कुणीतरी 'बाबा, या जरा' म्हणून हाक मारतंय... या वयात आणखी काय पाहिजे माणसाला?

पहिल्याच दिवशी सून म्हणाली, 'बाबा, त्या बटणांच्या वाटेला जाऊ नका, सगळं इंग्रजीत लिहिलंय. थांबायचं असलं की नुसता हात काढायचा. आपोआप थांबतं.' नुसता हात काढायचा! दोन महिने मी हात काढत होतो आणि ते थांबत होतं. भांडण नाही, तंटा नाही.

आणि त्या सोमवारी... मी हात काढला, चष्मा पुसायला वळलो, तर मागून टकटकटकटक! बघतो तर मशीन एकटंच निघालंय! सावकाश, जेवण झाल्यावर शतपावलीला निघाल्यासारखं! मी म्हणालो, 'अरे थांब!' ते कुठलं थांबतंय! बदकाची चोच शिवली, गळ्यावरून गेलं, शेपटीतून बाहेर पडलं आणि चौकटीच्या कडेला टेकलं तेव्हा कुठं गप्प झालं.

सून धावत आली. 'बाबा! काय केलंत?'

'मी हात काढला होता.'

'मग चाललं कसं?'

आता हे मला विचारायचं की मशीनला?

रविवारी तिचं प्रदर्शन. पहिलंवहिलं. बत्तीस बदकं, त्यातलं एक मुकं! ते टाके मी उसवले, सुईच्या टोकानं, एक एक, अख्खी दुपार. मंगळवारी पुन्हा तेच. या वेळी दोन बदकं एकमेकांना जोडली.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला. त्यानं मशीनचं पुस्तक काढलं, विटेएवढं जाड. पानं उलटली, मान हलवली, आणि म्हणतो, 'बाबा, तुम्ही हात काढत असाल हो, पण थोडासा राहत असेल.' थोडासा? हात म्हणजे काय पातेल्यातलं दूध आहे, थोडंसं तळाशी राहायला?

मग कंपनीत फोन, स्पीकरवर. वीस मिनिटं नुसती पिपाणी वाजली, मग एक गोड आवाजाची बाई. 'सर, मशीन बंद करून परत चालू केलंत का?' केलं. 'सर, दोरा काढून परत ओवलात का?' ओवला. 'सर, मशीन चालवतं कोण?' मुलगा माझ्याकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणतो, 'वडील चालवतात. वय झालंय.' आणि बाई म्हणाली, 'अच्छा...' काय सांगू तुम्हाला त्या 'अच्छा'बद्दल! डॉक्टर नाडी बघून मान हलवतात ना, तसं 'अच्छा'!

बुधवारी तो दुरुस्तीवाला आला. मशीन उघडलं, चिमूटभर धूळ काढली आणि मोहरा सापडल्यासारखी सगळ्यांना दाखवली. मग स्वतः चालवलं. ढकललं, थांबला, मशीन थांबलं! सुनेनं चालवलं, थांबलं! मुलानं चालवलं, थांबलं! मग तो माझ्या हातांकडे बघत विचारतो, 'आजोबांचा हात थरथरतो का हो?' मला नाही, सुनेला विचारतो! मी तिथंच उभा, हातासकट! दमट हवा आणि म्हातारा माणूस, दोनच कारणं होती त्याच्या पिशवीत.

सून वाईट नाही हो. गोड बोलूनच म्हणाली, 'बाबा, प्रदर्शन होईपर्यंत बाहेरच्या खोलीत बसता का?' मुलानं खुर्ची उचलली. बाहेर समोर काय, तर चपलांचं कपाट. मी हात काढला म्हणून मलाच काढलं!

आता माझं डोकं सावकाश चालतं, पण चालतं. दीड दिवस चपला बघत विचार केला... माझ्याकडे थांबत नाही, त्यांच्याकडे थांबतं, असं का? आणि दारातून दिसलं. सून थांबते, तेव्हा मुठी धरूनच असते! दुरुस्तीवाला धरून होता. मुलगा धरून होता. हात कुणी काढतच नव्हतं! अख्ख्या घरात सांगितल्याप्रमाणे हात काढणारा मी एकटा!

तेवढ्यात सुनेच्या हातून दोऱ्याचं रीळ पडलं आणि गडगडत, गडगडत थेट दारात माझ्या पायाशी आलं. मी आत जाऊन जमिनीवर ठेवलं. परत आलं! पुन्हा ठेवलं, पुन्हा आलं! मी माळ्यावरची गवंडीकामाची जुनी पिशवी काढायला लावली, पातळी बघायच्या प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरलं आणि खोलीची दोन्ही टोकं मोजली. चांगला दोन बोटांचा उतार, दाराकडे! आणि आठवलं, आदल्या रविवारी मुलानं उजेड नीट पडावा म्हणून चौकट फिरवून ठेवली होती. चौकट आधी उताराला आडवी होती, आता रूळ उतारावरच आले.

सगळ्यांना बोलावलं. शेजारच्या वहिनी कात्री परत द्यायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. म्हणालो, 'सूनबाई, मुठी धर. आता सोड.' तिनं सोडल्या... आणि टकटकटकटक! मशीन उतारानं घरंगळत निघालं. घरंगळलं की त्याला वाटतं कुणीतरी ढकलतंय, म्हणून ते बिचारं शिवत सुटतं!

सून म्हणाली, 'बाबा... म्हणजे तुम्ही खरंच हात काढला होता.'

अहो, छाती अशी फुगली! खुर्ची तिनं स्वतः उचलून आत आणली, खिडकीपाशी, होती तिथं. मुलगा खाली वाकून चौकटीखाली पाचर ठोकायला लागला. आता चौकट फिरवली त्यानंच, पण राग कुणावर तरी निघायला हवा ना! तर ठोकता ठोकता ओरडतो, 'कुठल्या गाढवानं बसवली ही फरशी?'

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ती फरशी बसली तेव्हा मुलगा रांगत होता. ही खोली म्हणजे तेव्हा कपडे धुवायची मोरी, आणि तिला दाराकडे ढाळ दिला होता मी. असा ढाळ, की पाण्याचा थेंब उभा राहायचा नाही! लोक बघायला यायचे! मी गप्पच राहणार होतो, विषय तिथंच मिटत होता... पण वहिनी चाळीस वर्षं शेजारी, त्यांच्या काय लक्षात नाही? त्यांनी कात्री खाली ठेवली, तोंडाला पदर लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'हात काढला, हात काढला म्हणत होतात भाऊजी, आणि शेवटी यात हात तुमचाच निघाला की!'