डाव्या हातात चहा

आमचं लग्न गिटारमुळं जमलं, आणि मला गिटार येत नाही. बायोडेटात छंद म्हणून ठोकून दिलेलं. जामखेडला मुलगी बघायला निघालो, तर माझ्या सुप्याच्या कंपनीतल्या सादिकनं स्वतःची गिटार ओपन ट्यूनिंगला लावून दिली. म्हणाला, "डाव्या हातानं तारा दाबायच्या नाहीत, नुसता उजवा हात फिरव, सुरातच वाजतं."

मुलीचे वडील म्हणाले, "वाजवा की पाव्हणं." वाजवलं. सगळे डोलायला लागले. मी इतका खूश झालो, की मुलीनं आणलेला चहा डाव्या हातात घेतला आणि वाजवतच राहिलो. मुलगी खुदकन हसली, तेव्हा कुठं माझं डाव्या हाताकडं लक्ष गेलं.

तिचे वडील आपल्या भावाला म्हणाले, "बघ, एका हातानं वाजवतोय. लई तयारीचा हाय."

आता सासरी कुणीही आलं, की सासरे आधी माझ्या डाव्या हातात कप देतात.