वीतभर उंच सीट

मंडळी, नामस्मरणाला बसण्याआधी एक प्रश्न विचारतो. घाबरू नका, परीक्षा नाही! माणूस स्वतःच्या चैनीसाठी एक काम करतो, आणि त्यातून भलतंच कुणाचं तरी भलं होतं. तर मग ते पुण्य कुणाचं? करणाऱ्याचं? का कुणाचंच नाही?... खांबाला टेकलेले काका मान डोलावतायत. पण डोळे मिटून डोलावतायत, ते आपण धरायचं नाही!

मला उत्तर ठाऊक नाही. खरंच नाही! म्हणून तर मच्छिंद्रची गोष्ट सांगतो.

हा मच्छिंद्र इथून चार गावं पलीकडचा. मंडपाचं सामान वाहतो. त्याचा छोटा ट्रक आहे - पुढं दोघं बसतात, मागं तिघांची सीट, त्यामागं हौदा. कष्टाळू पोरगा! विडी नाही, तंबाखू नाही. एकच वेड - गाणी! आणि गाणी कशी? कानानं ऐकायची नाहीत, छातीनं ऐकायची! त्यासाठी त्यानं दोन सबवूफर आणले. आता आज्या विचारतील, हे काय असतं? अहो, लग्नाच्या वरातीत तुमच्या घरातली भांडी ज्यानं थडथडतात ना, तेच ते!

आता हे ठेवायचे कुठं? मागच्या सीटखाली. पण खोकी मोठी, जागा कमी. मच्छिंद्र गॅरेजवाल्याला म्हणाला, "सीटच उचल की!" त्यानं लोखंडी अँगल जोडले, सीट वीतभर वर घेतली, पुढून रेक्झिनचा पडदा लावला. खाली खोकी गडप! झ्याक काम!

दुसऱ्या दिवशी आईला तालुक्याला न्यायचं होतं. आई म्हणजे कौसाबाई. उंचीपुरी बाई, पण गुडघे गेलेले. आठवड्यातून दोनदा शेकायला न्यावं लागायचं. आधीच्या खोल सीटवरून उठताना दरवेळी रडकुंडीला यायची - एकानं हात ओढायचा, दुसऱ्यानं पाठ रेटायची! त्या दिवशी मात्र तालुक्याला गाडी थांबली, आणि कौसाबाई नुसती पुढं सरकली अन् पायावर उभी! कुणाचा हात नाही, काही नाही!

तिनं सीटकडं बघितलं. लेकाकडं बघितलं. डोळे भरून आले.

"मच्छू, माझ्या गुडघ्यासाठी उंच केलीस व्हय रं?"

मंडळी, मच्छिंद्रला 'न्हाई' म्हणायचं होतं! देवाशपथ! पण तोंडातून काय निघालं?

"हां."

झालं! एवढा एक 'हां', आणि सगळा घोळ! आता वूफर वाजवावा, तर गावात बोभाटा होऊन आईला कळणार खाली काय आहे. म्हणून तो वायर काढून बसला. सीटखाली दोन धडधडणारी खोकी, आणि गाडी सुतकात असल्यासारखी गप्प! तिकडं आईनं गावभर सांगितलं. नळावर सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं. बायका आपापल्या पोरांना म्हणायला लागल्या, "बघ, शिक काहीतरी!" मच्छिंद्र घरी येऊन आरशात बघायचा. आपण चांगले आहोत का वाईट, त्याला काहीच उमजेना.

आणि त्या गावच्या सप्त्यात भर कीर्तनात त्याला उभं करून मातृभक्त म्हणून शाल कुणी घातली असेल? हसू नका... मी घातली! ह्या हातांनी!

दोन महिने गेले. एक दिवस दवाखान्यात आई आत, हा पडद्याबाहेर चपला घेऊन उभा. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "आजी, गुडघे सुधारले, पण मान एवढी कशी आखडली?"

आणि आईचा बारीक आवाज आला. "बाई, त्याला सांगू नका. सीट उंच केलीया ना, डोकं छताला लागतंय. खड्डा आला की टाळूत कळ जाते. मी आपली मान वाकवून बसते. पण पोरानं एवढ्या मायेनं केलंय, हिरमुसंल हो!"

मच्छिंद्र तिथून निघाला तो थेट गाडीत. भर दुपारी, गाडी तापलेली. मागचं दार उघडलं आणि त्या सीटवर बसला. पहिल्यांदा, मंडळी! सीट त्यानं उंच केली, रेक्झिनचा रंग निवडला, पण एकदा बसून पाहिलं नव्हतं! ठक्कन छत लागलं. मान आपोआप खाली गेली. तसाच बसून ढसाढसा रडायला लागला.

कौसाबाई काठी टेकत आली. "अरं, काय झालं?"

त्यानं रेक्झिनचा पडदा वर केला. "आई, हे ह्याच्यासाठी होतं. तुझ्यासाठी नव्हतं."

आई बघतच राहिली. खोक्यांकडं, लेकाकडं, परत खोक्यांकडं. मग म्हणाली, "दोन महिने मान मोडून घेतली मी. कशापायी, ते तरी ऐकू दे. वाजव!"

त्यानं वायर जोडली. धाड् धाड् धाड्! दवाखान्याच्या काचा हलल्या, वॉचमन धावत आला! आईनं छातीवर हात ठेवला. "बंद कर, मेल्या!" म्हणाली, आणि हसता हसता तिच्याही डोळ्यांना पाणी आलं. ते हसण्याचं का दुखावल्याचं, मच्छिंद्रला आजपर्यंत कळलेलं नाही.

परवा तो माझ्या घरी आला. घडी केलेली शाल पुढं ठेवली. "महाराज, ही माझी न्हाई." आणि मी घेतली! बघा माझी अक्कल! खोटं वागत होता तेव्हा मी शाल घातली, खरं बोलायला आला तेव्हा काढून घेतली!

ती शाल ही इथं, पेटीवर ठेवलीय. आपल्या माणसाला जिथं बसवलंय, तिथं स्वतः एकदा तरी बसून ज्यानं पाहिलंय, त्यानं उठावं आणि घेऊन जावं... या की! पुढच्या रांगेतले, या!

कुणीच नाही?

मलाही उठता येत नाही, मंडळी. मच्छिंद्र गेल्यावर मी ती शाल हातात घेऊन घरात उभा राहिलो, आणि माझी आई जेवायला कुठल्या कोपऱ्यात बसते, हे मला आठवेना! साठीला आलोय मी! शेवटी बायकोला विचारलं.

शाल असू द्या इथंच. टाळ उचला, नाम घ्या, आणि घरी गेलात की आपलं माणूस जिथं बसतं, आधी तिथं जाऊन बसा.