फक्त आमच्याच विहिरीत

न्हाई न्हाई, त्या अंगाला वाकू नका साहेब, ती कड ढिली झालीय — इकडून या, मोटंच्या धावंवरून — हां, आता बघा खाली. ऊन पाण्यावर आलं की दिसतात. दिसले? ते काय, पायरीच्या कडंला, शेपटीवर काळा ठिपका हाये बघा. तेच ते मासे. फक्त आमच्याच विहिरीत. दुनियेत दुसरीकडं कुठं न्हाईत — तुमच्याच कागदात छापून आल्तं ना तसं, मास्तरांनी चावडीपुढं वाचून दाखवलं व्हतं. आता तुम्ही त्या बाजंवर बसा, मी इथं उंबऱ्याच्या आत बसते. घरधनी पाटलांना आणायला गेलेत, येतीलच आता. मला सांगून गेले — पाव्हण्याला मासे दाखव, पाणी दे, अन् बोलत बसू नको. तर मी काय बोलत न्हाई. सासूबाई हायेत ना ओसरीला, म्हणून बसले. त्यांना ऐकू येत न्हाई म्हणा, पण डोळे लै बराबर हायेत.

नाव? माशाचं? ते मी घेत न्हाई. येतं हो, येत न्हाई असं न्हाई, गावात शेंबड्या पोराला येतं. पण तुम्हीच सांगा, पहिल्या साहेबानं माशाला नाव दिलं ते आमच्या घरधन्याचं — खूश झाला व्हता यांच्यावर, यांनी त्याला मळ्यात राहायला जागा दिली, कोंबडं कापलं — मास्तर म्हणे पुढं परक्या भाषेचं शेपूट लावलंय, पण मुंडकं यांचंच. मंग नवऱ्याचं नाव मी तोंडानं कसं घेऊ? म्हणून माशाला बी ‘ते’ अन् यांना बी ‘ते’. हसा, हसा. गावातल्या बायका बी हसतात. तुमचा कागद देवघरात ठेवलाय, तांबड्या फडक्यात बांधून. दसऱ्याला त्याला फूल वाहतात. घरात वाचता कुणाला येत न्हाई.

तुम्ही सांगू राह्यले ना आत्ता, की तुमच्या कागदात आपल्याच मुलखातली जित्राबं छापतात, पाखरं, साप, किडं-मुंग्या, अन् ते वाचून लांबलांबचे शिकलेले लोक त्यावर पुढं लिहितात — मला ठावं हाये ते. इथं येऊन गेलेत ना ते लोक. एकानं लिहिलं व्हतं, की आमच्या विहिरीला पाताळातून झरा हाये अन् त्यातून हे वर आले. दुसरा आला, त्यानं त्याचं वाचून लिहिलं. तिसरा आला तो ह्या दोघांचं वाचून. बाटल्या भरभरून मासे नेले, पोटं फाडून बघितली म्हणे. सगळे बदनापूरला आगगाडीतून उतरले, बैलगाडीनं सरळ ह्या विहिरीवर आले, अन् आले तसे माघारी. पुढं नदीपर्यंत कुणी गेलं न्हाई. कशाला जातील? छापलंय ना, फक्त इथंच. मंग कचेरीतून हुकूम आला — गाळ काढायचा न्हाई, सुरुंग लावायचा न्हाई, मासा सांभाळायचा. आता पाण्याला वास मारतो. आम्ही बाया वढ्यावरून पाणी आणतो. पण घरधन्याला कचेरीत खुर्ची मिळती बसायला. त्यांच्या बापाला कव्हा जमिनीवर बी बस म्हणलं नव्हतं कुणी.

चवीला? आता हे काय विचारणं झालं भाऊ, सरकारी मासा हाये तो, मी काय खाते काय. अन् खाण्याजोगा बी न्हाई, नुस्ते काटे. चिंचेच्या कोळात शिजवला तर काटे मऊ पडतात, अन् ज्वारीच्या पिठात घोळून तव्यावर टाकला, वरून लसणाची चटणी, तर काट्यासकट कुडकुडीत — न्हाई, ते दुसरे. ते दुसरे मासे, आमच्या केदारखेड्याचे, नदीतले. पोरं चुटकी म्हणतात त्याला. धोतराचं फडकं धरलं की मूठमूठ घावतात. हा तो न्हाई. त्याच्या शेपटीवर — ठिपका असतो. असतो, पण तो दुसरा ठिपका असतो.

काहून लिहून घेऊ राह्यले तुम्ही?

खोडा ते. खोडा म्हणते ना. असं बघू नका माझ्याकडं. बरं — पेन्शील खाली ठेवा, मंग सांगते. ठेवली? अन् हे खोटं कुणी बोललं म्हणून समजू नका, कुणीच खोटं बोललेलं न्हाई, हे आधी ध्यानात घ्या. आमच्याकडं नदीकाठच्या गावात रीत हाये, पोरगी कोरड्या मुलखात दिली तर तिच्यासंगं कळशीत नदीचं पाणी अन् जितं जित्राब देतात. सासरच्या विहिरीत सोडायला. पाणी साफ राहतं, किडं खाऊन टाकतात. माझ्या आईनं, आसराबाईनं, स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून कळशी भरली व्हती. म्हणली, पाणी शेंदताना खाली बघशील तर माहेरचं कुणीतरी दिसंल. लग्नाच्या गाडीत सारी वाट मी कळशी मांडीवर धरून बसले. रडायला बी जमलं न्हाई, पाणी सांडंल म्हणून. माहेरी माझं नाव झुंबर. इथं तांदळात बोटानं द्वारका लिहिलं अन् मी द्वारका झाले. माशांचं नाव मागून बदललं, एवढाच फरक.

अन् पुढची रीत अशी, की नवरीसंगं जे आलं ते सासरचं झालं. भांडं असो, गाय असो, मासा असो — हे माझ्या माहेरचं असं बोलून दाखवायचं न्हाई, ते लै वाईट दिसतं. तर पहिला साहेब इथं, ह्याच बाजंवर बसला व्हता, त्यानं विचारलं, ये मछली कहाँ की? घरधनी म्हणले, यहीं की है साहब, हमारे कुएँ की. बराबरच बोलले ते. बायकोचं आलेलं आपलंच असतं, त्यांच्या मनात दुसरं काही बी नव्हतं. मी ह्याच दारात व्हते, घागर कमरेवर. दोन बाप्ये बोलताना मधी बाईनं तोंड घालायचं, अन् ते बी माहेरचं नाव काढायला? उगी राह्यले. मला काय ठावं तेवढ्या एका बोलण्यावरून कागद छापतात म्हणून? त्यानं तरी दुसऱ्याला विचारावं. सासूबाईला विचारलं असतं तर — तव्हा ऐकू येत व्हतं त्यांना.

पुढं पंचमीला माझा भाऊ आला, पुंजाराम, मला न्यायला. घरधन्यांनी मोठ्या हौसेनं त्याला विहिरीवर नेलं, कागद दाखवला, मासे दाखवले. अन् पुंजाराम हसला. असा हसला की पटका सुटला त्याचा. म्हणला, दाजी, ह्या तर आमच्या डोहातल्या चुटक्या, आमची कुत्री बी खात न्हाईत यांना. घरधनी हसले न्हाईत. तोंड पांढरं पडलं त्यांचं. तव्हापर्यंत कचेरीत नाव गेल्तं, हुकूम निघाला व्हता, खुर्ची मिळाली व्हती. सकाळी पुंजारामला एकट्यालाच वाटंला लावला. शेतीची कामं हायेत म्हणले, पुढच्या साली पाठवतो. ते पुढचं साल काय आलं न्हाई. तिकडचं कुणी आलं तर मासा ओळखंल, अन् मी गेले तर बोलून बसंन, म्हणून दोन्हीकडची वाट बंद. मारझोड न्हाई हो. तसा माणूस न्हाई तो. बाजाराहून लुगडं आणतात, काकणं आणतात, अन् म्हणतात, सरकारला फसवलं म्हणतील, मला नेऊन डांबतील, तुला चालंल का? मला लै कोंडल्यावानी होतं भाऊ. संध्याकाळी इथं काठावर बसते अन् खाली बघते. त्यांना बी वर यायला वाट न्हाई.

गेल्या बाजाराला कासार आल्ता बांगड्या भरायला. हात माझा हातात धरूनच हळूच म्हणला, केदारखेड्याहून आलोय, आसराबाई खाटंला खिळलीय. दोन्ही डोळे गेलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारती — झुंबरच्या विहिरीतले मासे हायेत का. मी कशी हाये ते विचारत न्हाई बघा. माशांचं विचारती. माझं विचारलं तर जावयाला बोल लागंल ना.

तर आता तुम्ही सांगा. मी जे बोलले ते तुम्ही छापलं, तर यांची मान खाली. गाव थुंकंल, कचेरीतून शिपाई येईल. अन् यांची मान खाली घालून मी कुठल्या तोंडानं माहेरी जाऊ? अन् न्हाई छापलं, तर मी हाये इथंच. म्हणून म्हणते, माझं काही छापू नका. तुम्ही स्वतः केदारखेड्याला जा. घाटाच्या खाली डोह हाये, फडकं धरा, चुटक्या येतील. मंग तुम्हीच लिहा, हा मासा तिकडं बी घावला. इथं बी हाये, तिकडं बी हाये. कोण खोटं बोललं? कुणीच न्हाई. अन् नाव — नाव बदलतं का हो मंग? एकदा ठेवलं ते ठेवलं? तेच राहतं? नदीतल्या समद्या चुटक्यांना यांचंच नाव? मंग झालं तर. मंग खूशच होतील. एका विहिरीचे मालक व्हते, आख्ख्या नदीचे होतील. मंग मला अडवायला काही कारणच राह्यलं न्हाई. पंचमीला गाडी जुंपून स्वतः सोडतील बघा.

कव्हा येईल छापून?

एवढं? — एवढं काहून? मोठे लोक वाचणार, त्यांना पटंस्तोवर थांबणार, तिमाही निघतं, अन् आधीचे लेख रांगंत हायेत. पुढच्या वर्षाच्या अखेरीला. न्हाई, तुमचं बराबर हाये भाऊ, घाई करून चुकीचं छापण्यापरीस ते बरं. पहिल्यांदाच एवढं थांबले असते तर. पण तोवर आसराबाई काय राहती. न्हाई राहत ती.

एक करता का? ही चरवी घ्या. सकाळीच भरून ठेवलीय मी, फडकं बांधून, तुम्ही येणार म्हणून कळलं तव्हापासून. दोन हायेत आत. केदारखेड्याला जाणारच तुम्ही, डोहाच्या वर, पिंपळाखालचं घर. यांना तिथं नदीत सोडा अन् तिला सांगा — काय? का न्हाई? इथले मासे तिथं सोडले तर तुमच्या कामात घोळ होईल? कुठला कोण ते सांगता येणार न्हाई? अहो पण तिथलेच हायेत ते. तिथून आलेत, तिथं गेले तर घोळ काय त्यात. चालत न्हाई. बिलकुल चालत न्हाई. बरं.

बरं. सोडू नका. माघारी जायचं न्हाई म्हणता तर न्हाई. पण घेऊन तर जा. तिला दिसत न्हाई ना, तिचा हात धरा अन् ह्या चरवीत घाला. बोटं चावतात ते, लेकरावानी, दुखत न्हाई. तिला कळंल. बाकी काही सांगू नका, अन् मंग त्यांना बाटलीत भरा, कापा, काय करायचं ते करा. एवढं तरी होईल ना? तुमच्या कागदाचं काही बिघडत न्हाई ह्यात?

घुंगरं वाजली. आले. सरका, तिकडं सरका, तोंड विहिरीकडं करा — पेन्शील घ्या हातात. चरवी बाजंखाली ठेवा. न्हाई, हातातच राहू द्या, वाटंला पाणी दिलंय म्हणते मी. पिऊ नका मात्र.

या, आले का. पाव्हण्यांनी मासे बघितले. हो, वाटंला पाणी दिलंय चरवीत, उन्हाचं लांब जायचंय त्यांना. मी? मी काय सांगणार, मला काय ठावं — इथलेच हायेत म्हणून तुम्हीच सांगा की त्यांना. मी आत व्हते. परक्या माणसासंगं मी बोलत न्हाई.