तिला भाग जात नाही

— नाही, नाही, त्या खुर्चीवर नका बसू मास्तर, ती तिची आहे. तिची म्हणजे? अहो, त्या संख्येची! तिला तपासून तपासून ह्यांचा संगणक तापतो म्हणून दिवसभर त्या खुर्चीवर पंखा ठेवलेला असतो, तिच्याकडे तोंड करून — आणि मी इथे ओट्याशी घामाघूम. ह्यांना भेटायला आलात म्हणजे तिच्यासाठीच आलात, दुसरं काय! मूळ संख्या म्हणे. मला कुठलं ठाऊक, चौथी शिकलेली मी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे फोनवर कुणाला तरी सांगत होते, मूळ आहे, नक्की मूळ आहे — मला वाटलं मूळव्याध! घरातलं तिखट बंद केलं, महिनाभर फिकं रांधलं. हसा, हसा. पण महिनाभर ते गिळलं ह्यांनी आणि एकदा विचारलं नाही, आज असं का गं? जीभसुद्धा तिच्याकडे गहाण!

एवढं आहे काय तिच्यात, विचारलं मी. दिवसभर दारोदार विजेचे मीटर वाचून आलेला माणूस, पाण्याचा घोट न घेता सांगायला बसला — अगं, लाखो आकडे आहेत, शेवटी सात येतो, आणि एवढी मोठी असून तिला कशानंच भाग जात नाही, एक आणि ती स्वतः सोडून. डोळे असे चमकत होते! लग्नात माझ्याकडे बघून नव्हते चमकले. म्हटलं, मोठं कौतुक! मला भागून बघा — सासूबाईंनी भाग जातो, दिरानं जातो, दोन्ही पोरींनी जातो, तुमच्यानं तर जातोच. बाकी काय? शून्य. तर म्हणाले, "वा, भागाकार पक्का आहे तुझा." झालं! एवढंच ऐकू आलं त्यांना.

काय म्हणालात? परत सांगा — जातो? भाग जातो तिला? तुमच्या कॉलेजच्या यंत्रानं काढलं? कशानं — नको, आकडा नका सांगू, मला काय करायचाय. म्हणजे बाहेर होतं की तिचं! अगं बया! आणि आमचे हे खुळे, अंगात ताप असताना उठून तिला बघून यायचे. आता येतीलच, थांबा. माझ्यासमोर सांगा, आणि चाचरत नाही, ठणकावून सांगा. मला त्यांचं तोंड बघायचंय.

आले — ऐकलंत? शीळ घालत येताहेत. घालणारच. माझी आई गेली तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं ह्यांच्या, आणि हिच्यासाठी ढसाढसा रडतील, ओळखते मी — आणि ते तुमच्यापुढे? छे. उठा. चहा राहू द्या. मी सांगेन, कधी सांगायचं ते माझं मी बघेन. रडायचंय तर माझ्यापुढे रडतील, परक्यापुढे नाही, आणि तिच्या त्या पडद्यापुढे तर मुळीच नाही. बघताय काय? चपला घाला, मागच्या जिन्यानं उतरा!